आफ्रिकन कार्टून म्हणजे नेमकं कुणाचं?

चिंचगूळ

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी क्लबहाउसच्या भिंतीवर मुलांना काहीतरी दाखवतात. पालकांनी पाळ्या लावून घेतल्यात. गेल्या वेळच्या बाबांनी रोबोंची हाणामारी दाखवली आणि त्या संध्याकाळी दोन मुलं जिन्यावरून पडली. आता पाळी माझी आहे.

लेकीबरोबर (वय ९) 'इवाजू' बघितली. डिस्नेची सहा भागांची मालिका, २०२४ची. भविष्यातलं लेगोस (नायजेरियातलं मोठं शहर), श्रीमंतांच्या बेटावरची टोला, पलीकडच्या गरीब वस्तीतला हुशार कोले आणि एक यांत्रिक सरडा. बघता बघता लेक म्हणाली, "आई, ही गर्दी तर आपल्यासारखीच आहे. मग हे आफ्रिकेचं कशावरून?" कपडे बघ, बोलणं ऐक, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ६ ते १२ वयाच्या वीसेक मुलांना अर्ध्या तासात काय दाखवू? दोन, कार्टून आफ्रिकेचं आहे हे ठरवायचं कशावरून? चित्रावरून, गोष्टीवरून, भाषेवरून, की पैसे कुणी घातले त्यावरून?

सिंहाचा तो सिनेमा कृपया सुचवू नये.

अर्धवट

सिंहाचा तो सिनेमा.

(पळतोय)

नानासाहेब ठाणेकर

नऊ वर्षांच्या मुलीला कळलं ते आपल्याला कळत नाही, असं दिसतंय. मुलांना गोष्ट आवडते किंवा आवडत नाही. 'सांस्कृतिक ओळख' हा मोठ्या माणसांचा उद्योग आणि विकणाऱ्यांचा धंदा. आपल्याकडे लाडू खाणारा धोतरातला पोरगा आला म्हणून ते कार्टून लगेच भारतीय झालं का? गोष्टीचा सांगाडा परदेशी आणि वरून धोतर. इवाजूचं वेगळं काय असणार? मुलगी, प्राणी, खलनायक, शेवटी बापाला उपरती. साचा तोच, फक्त रंगाचा डबा बदलला.

वांद्रे ते लेगोस

नानासाहेब, अर्धं मान्य, अर्धं नाही.

मी लेगोसला आठ वर्षं होतो. या मालिकेत ते बेट आणि मेनलँड (पाण्यापलीकडची मुख्य जमीन) दाखवलंय ना, ती कल्पना नाही, ते रोजचं जगणं आहे. मधे थर्ड मेनलँड ब्रिज, जवळपास बारा किलोमीटर. ऑफिस बेटावर, घर मेनलँडवर. ट्रॅफिकला तिथे 'गो-स्लो' म्हणतात, आणि त्या गो-स्लोमध्ये गाड्यांच्या मधून पोरं पाण्याच्या पिशव्यांपासून शब्दकोशापर्यंत काहीही विकत धावत असतात. म्हणून तुमच्या लेकीला ते ओळखीचं वाटलं. ते मुंबईसारखं नाही हो, मुंबई आणि लेगोस दोघी एकाच आजाराच्या पेशंट आहेत.

आणि तो सरडा! बाहेरच्या माणसाला वाटेल, डिस्नेला एक गोंडस प्राणी हवा होता, घेतला सरडा. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर केशरी डोक्याचे हे आगामा सरडे दिवसभर दंड मारत असायचे. थांबायचे, चार दंड काढायचे, तुमच्याकडे रोखून बघायचे, पुन्हा चार दंड. शेजारपाजारची पोरं त्यांची नक्कल करायची. लेगोसमध्ये वाढलेल्या माणसालाच पाळीव प्राणी म्हणून सरडा सुचेल. साचा डिस्नेचा असेल, सरडा मात्र तिथलाच आहे.

गंमत म्हणजे मालिका आली तेव्हा डिस्नेचं ॲप नायजेरियात चालतच नव्हतं. ज्यांची गोष्ट, त्यांनाच ॲपवर दिसेना.

ओव्हरटाइम

या धंद्यात चौदा वर्षं घासली आहेत, म्हणून लिहितो.

इवाजूमागे कुगाली नावाची कंपनी आहे. दोन नायजेरियन आणि एक युगांडाचा, असे तिघे. कॉमिक्स काढायचे. २०१९ साली बीबीसीला मुलाखत देताना म्हणाले की आफ्रिकेत आम्ही डिस्नेला लोळवणार. डिस्नेच्या कुणीतरी ते वाचलं आणि यांना फोन केला. लोळवायला निघालेले थेट भागीदार झाले. पण प्रत्यक्ष ॲनिमेशनचं काम झालं सिनेसाइट या कंपनीत, ज्यांचा मोठा स्टुडिओ माँट्रियलला आहे. म्हणजे गोष्ट, दिग्दर्शक, आवाज, गाण्यांचा बाज लेगोसचा. आणि टोलाची वेणी प्रत्यक्ष हलवणारा माणूस बहुधा कॅनडात बर्फ उपसून कामाला आलेला.

वाईट म्हणून सांगत नाही. मी मालाडला एका स्टुडिओत सहा महिने एका सशाच्या फक्त कानांवरची लव केली आहे. ससा कुणाचा, गोष्ट काय, आम्हाला कुणी सांगितलं नाही. रिटेक आला की कळायचं, डावा कान जास्त मऊ हवा होता. सिनेमा आला, बायकोला घेऊन गेलो, नावांच्या यादीत आमचा स्टुडिओ येईपर्यंत थेटरातले दिवे लागले होते आणि झाडूवाला आला होता.

केपटाउनचा ट्रिगरफिश घ्या, आफ्रिकेतला सगळ्यांत नावाजलेला स्टुडिओ. 'झाम्बेझिया' (२०१२) आणि 'खुम्बा' (२०१३) हे त्यांचे स्वतःचे सिनेमे. पण स्टुडिओ चालता ठेवला तो ब्रिटिश मुलांच्या पुस्तकांवरच्या टीव्ही फिल्म करून. लष्कराच्या भाकऱ्याच, फक्त पगारी. आणि झाम्बेझियात आवाज कुणाचे? सॅम्युअल जॅक्सन आणि लेनर्ड निमॉय! आफ्रिकेतले पक्षी, बोली अमेरिकेची. तेव्हा बाहेर विकायचं तर ते लागायचंच. दहा वर्षांनी त्याच स्टुडिओने 'किझाझी मोटो' केलं, दहा शॉर्ट फिल्म, झिम्बाब्वेपासून इजिप्तपर्यंतचे दिग्दर्शक, आणि आवाज तिथलेच. फरक पडला तो इथे.

मेथीची जुडी

@ओव्हरटाइम, सशाच्या कानांवर स्वतंत्र धागा काढाच.

अर्धवट

डावा कान जास्त मऊ हवा. _/\_

दारेसलामकर

ओव्हरटाइम, आवाजाचा मुद्दा बरोबर धरलात. मी तो थोडा पुढे नेतो.

चिंचगूळ, सिंहाचा सिनेमा ('द लायन किंग') नको म्हणालात, तरी त्यावर बोलल्याशिवाय आफ्रिकन कार्टूनची गोष्ट सुरू होत नाही. 'हाकुना मटाटा' म्हणजे काळजीचं कारण नाही, हे आता जगात सगळ्यांना ठाऊक. पण इथे दार-ए-सलामला रस्त्यावर कुणी तसं बोलत नाही. पंक्चरवाला, भाजीवाली, बॉस, सगळे 'हमना शीदा' म्हणतात. 'हाकुना मटाटा' ऐकू आलं की समजायचं, समोर टुरिस्ट आहे. आणि डिस्नेने ते शब्द टी-शर्टांसाठी स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले होते. झिम्बाब्वेच्या एका कार्यकर्त्याने २०१८मध्ये ऑनलाइन अर्ज फिरवला तेव्हा मोठी बोंबाबोंब झाली.

त्याहून वाईट ते गाणं. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक, १९३९मध्ये जोहान्सबर्गला त्याने 'म्बुबे' रेकॉर्ड केलं, म्हणजे सिंह. मोबदला मिळाला दहा शिलिंग. तेच पुढे इंग्रजी शब्द लावून जगभर वाजलं, डिस्नेच्या सिनेमातही आलं. लिंडा १९६२ साली गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना कोर्टात भांडून २००६मध्ये तडजोड मिळाली. तेव्हा 'पैसे कुणी घातले' एवढंच विचारू नका. पैसे कुणाला मिळाले तेही विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. इथे गोष्ट सांगणारा आधी ओरडतो, "पाउक्वा!" समोरच्यांनी ओरडायचं, "पाकावा!" उत्तर आलं नाही तर गोष्ट सुरूच होत नाही. शेजारची आजी (खरं नाव कशाला), पोरं पेंगायला लागली की मधेच पुन्हा "पाउक्वा!" ठोकते. माझ्या मते आफ्रिकेतल्या गोष्टीची ओळख इथे आहे. मुखवटे, ढोल, बाओबाबचं झाड नंतरचं. ती गोष्ट एकट्याने सांगायची नसतेच. आणि कार्टून नेमकं तेच करू शकत नाही, पडदा उत्तराची वाट बघत नाही.

चिंचगूळ

अगदी! माझी आजी गोष्ट सांगताना "हूं" म्हणायला लावायची. हूं थांबलं की गोष्ट थांबायची. "झोपलीस का गं?"

वांद्रे ते लेगोस

@दारेसलामकर, योरुबातही (लेगोसकडची भाषा) हेच आहे! आणि मराठी माणसासाठी त्यात एक बोनस आहे. सांगणारा म्हणतो, "आलो ओ!" ऐकणारे म्हणतात, "आलो!" (उच्चार 'ऑ'कडे झुकतो, पण आपल्या कानाला आलोच.) शब्दाचा अर्थ गोष्ट, कोडं. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकू त्याला कासवाच्या गोष्टी सांगायच्या. इजापा नावाचं महा लबाड कासव. बायकोने आतून पहिल्यांदा ऐकलं, तर मुलगा दहादा "आलो! आलो!" करतोय आणि येत मात्र कुठेच नाहीये. तिने लाटणं घेऊन बाहेर येऊन विचारलं, "अरे आलो आलो काय, जेवायला ये की!"

अर्धवट

वारलो. =))

नानासाहेब ठाणेकर

हा किस्सा चांगला आहे. पण मुद्दा माझाच सिद्ध होतो. खरी परंपरा तोंडी. पडद्यावर आली की परंपरा संपली, उत्पादन सुरू झालं.

मेथीची जुडी

नानासाहेब, मग 'आटपाट नगर होतं' छापून आलं तेव्हाच मेलं म्हणायचं का? साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, ती आम्ही पुस्तकातूनच वाचली. आणि श्रावणात आई वाचायची तेव्हा हातात अक्षता धरून बसायचोच ना.

इतिहासाचा पेपर

धाग्याला उशिरा आलो. दोन दुरुस्त्या आणि एक शिफारस.

दुरुस्ती एक. 'आफ्रिकन' म्हणजे पन्नासहून जास्त देश. कुणी आपल्याला 'आशियाई कार्टून कसं असतं हो' विचारलं तर आपण जपानपासून बोलणार की जॉर्डनपासून?

दुरुस्ती दोन. वरच्या चर्चेतून वाटतं की हे सगळं काल-परवा सुरू झालं. कैरोत फ्रेंकेल बंधूंनी १९३६मध्ये मिशमिश एफेंदी हे कार्टून पात्र आणलं. डोक्यावर तरबूश (गोंड्याची लाल टोपी) घातलेला कैरोकर. पहिल्या फिल्मचं नावच 'माफीश फायदा', म्हणजे काही उपयोग नाही. (नानासाहेबांना आवडेल.) हे भाऊ ज्यू, पुढे इजिप्त सोडून फ्रान्सला गेले.

शिफारस: नायजरचे मुस्तफा अलासान. नायजर, नायजेरिया नव्हे. १९४२चा जन्म, २०१५मध्ये गेले. कॅनडात नॉर्मन मॅकलॅरन या नामांकित ॲनिमेटरच्या हाताखाली शिकले. १९६६ची 'बों व्हॉयाज सिम' ही पाचेक मिनिटांची कृष्णधवल फिल्म, आणि सगळी पात्रं बेडूक. बेडकांच्या प्रजासत्ताकाचे राष्ट्रपती सिम शेजारच्या देशात सरकारी दौऱ्यावर जातात. सलामी, बँड, भाषणं, हारतुरे. परत येतात तर इकडे सत्ता पालटलेली, प्रजा त्यांना उचलते आणि पाण्यात फेकते. नायजरला स्वातंत्र्य मिळून तेव्हा सहा वर्षं झाली होती. संवाद जवळजवळ नकोतच. भाषेची अडचण नाही, सबटायटलची कटकट नाही, सहा वर्षांच्या पोराला कळतं आणि साठ वर्षांच्या माणसाला जास्त कळतं.

नानासाहेब, यात सांगाडा कुणाचा सांगा बघू?

नानासाहेब ठाणेकर

बघून सांगतो.

सिरांदान

मी मॉरिशसची. मराठी शाळेत शिकले, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आमच्या घरी बोलणं क्रेओलमध्ये, आरती मराठीत, आणि शिव्या दोन्हींत.

आमच्याकडे कोडी घालतात तेव्हा एक म्हणतो "सिरांदान?" आणि दुसरा म्हणतो "सांपेक!" मगच कोडं. "पाणी उभं?" ऊस. "पाणी लटकलेलं?" नारळ. माझं नाव त्यावरूनच घेतलंय. त्यामुळे वरचं पाउक्वा-पाकावा वाचून अंगावर काटा आला. हे गुलामांबरोबर आमच्या बेटावर आलं असं आम्हाला मोठे सांगतात.

'जंगल बीट'चा सिनेमा (२०२०) माझ्या भाच्यांना पाठ आहे. झिम्बाब्वेत सुरू झालेली कंपनी, स्टुडिओ आमच्या मॉरिशसलाही. माकड, हत्ती, आणि परग्रहावरून आलेला एक पाहुणा. आधीच्या छोट्या भागांत प्राणी बोलतच नव्हते, म्हणून ते जगभर चालले. सिनेमात बोलायला लागले ते इंग्रजी. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं.

मेथीची जुडी

सिरांदान, तुमचं मराठी इथल्या निम्म्या लोकांपेक्षा शुद्ध आहे. पाणी उभं म्हणजे ऊस, काय सुंदर कोडं आहे!

जुना रिक्षावाला

अवांतर: स्वाहिलीत दुकानाला 'दुका' आणि गाडीला 'गारी' म्हणतात, चपातीला चपातीच. माझा भाऊ मोम्बासाला असताना महिनाभर याच तीन शब्दांवर जगला.

अर्धवट

आणि चौथा शब्द हमना शीदा. झाला की संसार.

ओव्हरटाइम

मूळ मुद्द्यावर येतो. दारेसलामकर म्हणाले की पडदा उत्तराची वाट बघत नाही. मला दोन उदाहरणं सुचतात, दोन टोकांची.

एक, 'किरिकू' (१९९८). दिग्दर्शक मिशेल ओसलो फ्रेंच, पण लहानपण गिनीत गेलेलं. आईच्या पोटातून बाळ म्हणतं, आई, मला जन्म दे. आई म्हणते, पोटातून बोलणाऱ्या पोराने आपला आपण जन्म घ्यावा. आणि ते घेतं! (अभिमन्यू नुसता ऐकत होता, हा तर हुकूम सोडतो.) ओसलोने आवाज डाकारला जाऊन सेनेगली कलाकारांचे रेकॉर्ड केले, संगीत तिथल्याच युसू न्दूर या गायकाचं. आणि बायका गावात असायच्या तशा, वर काही न घातलेल्या. त्यावरून ब्रिटन-अमेरिकेत वितरक बिचकले. सिनेमा फ्रेंच माणसाचा, तरी सेनेगलच्या पोरांना तो आपला वाटतो. चिंचगूळ, सोसायटीत मात्र दाखवू नका, पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी तुम्हालाच पाण्यात फेकतील.

दुसरं टोक, जोहान्सबर्गचे विल्यम केंट्रिज. १९८९पासून एकट्याने करतात. भिंतीवर एकच मोठा कागद, त्यावर कोळशाने चित्र. कॅमेऱ्याने एक फ्रेम घ्यायची, चालत कागदापाशी जायचं, थोडं पुसायचं, थोडं काढायचं, परत कॅमेऱ्यापाशी. आम्ही मालाडला दर फ्रेमला नवीन ड्रॉइंग करायचो, ते एकाच कागदावर सगळा सीन करतात. कोळसा पूर्ण पुसला जात नाही. माणूस उजवीकडे सरकला तरी डावीकडे त्याचा धूसर डाग उरतो. खाणमालक, मोर्चे, रस्त्यात पडलेली माणसं. वर्तमानपत्रांनी झाकलेली प्रेतं हळूहळू जमिनीत मिसळून जातात, पण कागद काळवंडलेलाच राहतो. वर्णभेदाच्या काळातलं ते शहर याहून नेमकं कुणी दाखवलेलं मी पाहिलं नाही. यात एकही मुखवटा नाही, ढोल नाही. आमच्याकडे क्लीन-अपला असा डाग राहिला असता तर पगार कापला असता.

मेथीची जुडी

मोठ्यांसाठी अजून एक सांगते. केनियाच्या न्गेंडो मुकी यांची 'यलो फीव्हर' (२०१२). नैरोबीतल्या बायका कातडी उजळायला काय काय लावतात, आणि घरातली लहान पोरगी टीव्ही बघून काय बनू पाहते, त्यावर. गोरेपणाच्या क्रीमवर वाढलेल्या आपल्या पिढीने बघायलाच हवी. बघताना मला माझ्या मावशीचा हळद-साय-बेसनाचा डबा आठवला. 'किझाझी मोटो'मधला 'एन्काई' हा भागही त्यांचाच.

दारेसलामकर

मुलांसाठी अजून: इथल्या 'उबोंगो किड्स'चे भाग. उबोंगो म्हणजे मेंदू. २०१४पासून टांझानियाच्या टीव्हीवर, स्वाहिलीत गणित शिकवतात. चित्रं साधी, बजेट दिसतं, पण रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली पोरं टीव्हीच्या दुकानासमोर उभं राहून बेरजेचं उत्तर ओरडतात. पडदा वाट बघत नाही म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. हे लोक प्रश्न विचारून चक्क दोन सेकंद थांबतात.

'टिंगा टिंगा टेल्स'सुद्धा बघा (२०१०). हत्तीला सोंड का, जिराफाची मान लांब का, अशा गोष्टी. चित्रशैली आमच्या दारची. एडवर्ड सईद टिंगाटिंगा सायकलच्या रंगाने हार्डबोर्डवर प्राणी रंगवायचा, तोच प्रकार आजही ऑयस्टर बेच्या सहकारी दुकानात टांगलेला दिसतो. कंपनी लंडनची, काम नैरोबीत झालं. तिथे डझनावारी पोरं ॲनिमेशन शिकली ती या कामावर. भाकरी लष्कराची, पण भाजायला शिकले.

नानासाहेब ठाणेकर

बेडकांची फिल्म बघितली. प्रत पुसट होती. दोनदा बघितली.

सांगाडा कुठूनही आणलेला नाही, हे मान्य. बाकी मत कायम.

अर्धवट

कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

चिंचगूळ

वृत्तांत देते.

शनिवारी मुलं एकोणीस, आज्या तीन, एक आजोबा. आधी कुठलंही कार्टून न लावता दिवे घालवले आणि म्हटलं, मी "आलो ओ" म्हणाले की तुम्ही "आलो" म्हणायचं, नाहीतर गोष्ट नाही. पहिल्यांदा पुटपुटले. दुसऱ्यांदा छत फाटलं. तिसऱ्यांदा खालून वॉचमन काका शिट्टी घेऊन धावत वर, "कोण आलं? गेटवर एन्ट्री नाही केली!"

मग बेडूक लावले, मग टिंगा टिंगाचा एक भाग, मग सिरांदान यांची कोडी. पाणी उभं कुणाला आलं नाही, लटकलेलं पाणी एका आजीने सेकंदात ओळखलं.

लेकीने परत तोच प्रश्न विचारला नाही. तिचा नवा प्रश्न आहे, बेडूक राष्ट्रपती परत आल्यावर लोकांनी पाण्यात फेकलं, पण बेडकाला पाण्यात फेकून शिक्षा कशी होते?

@इतिहासाचा पेपर, उत्तर द्या. पुढच्या शनिवारी मला विचारणार आहे.